दहाला उडालं, दोनला उतरेल

समजा, तुम्ही विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात बसला आहात आणि समोरचा विचारतो, तिथं जायला किती वेळ लागतो? विमान इथून सकाळी दहाला उडतं, तिथं दुपारी दोनला उतरतं. तुम्ही सरळ वजाबाकी कराल आणि चार तास सांगाल. पण अंतर आहे सात हजार किलोमीटर. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते आणि तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा.

हे गणित जिच्या हाडामांसात भिनलंय, तिला ऑफिसात सगळे ताई म्हणतात. धाकट्या बहिणीचा नवराही ताईच म्हणायचा. त्या दिवशी काचेचं दार लाथेनं उघडून आत आला, तेव्हाही म्हणाला, "ताई, कुठं पाठवलीत तिला?"

बहीण सकाळीच उडाली होती, फुटलेल्या ओठांवर मास्क लावून. तिकीट ताईनंच काढलं होतं. त्याच शहराला संध्याकाळी दुसरं विमान होतं आणि ह्याच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्ट डोकावत होता. शहराचं नाव कळलं असतं, तर तो तिच्या पाठोपाठच पोचला असता.

"मला नाही माहीत."

त्यानं मॉनिटर उचलून फरशीवर आपटला. शिपाई मध्ये पडला, तर स्टेपलर त्याच्या तोंडावर बसला. मग त्यानं ताईचा उजवा हात टेबलाच्या ड्रॉवरात कोंबला आणि गुडघ्यानं ड्रॉवर लोटला. बोटं मोडल्याचा आवाज शिपायालाही ऐकू आला.

"बायकोची थोरली बहीण, माझी अकडसासू आहात म्हणून हळू लोटलंय," तो म्हणाला. "बोला आता."

त्यानं पुन्हा गुडघा उचलला.

"दहाला उडालं, दोनला उतरेल," ताई म्हणाली.

तो थांबला. "चार तास. विमानानं चार तासांवर तुमची मावशी राहते, म्हणजे तिच्याकडंच. मला काय खुळा समजता?"

मावशीनं ते घर कधीच विकलं होतं, पण घरातलं कुणीच ह्याच्याशी बोलत नव्हतं, मग त्याला कळणार कसं?

पोलीस येईपर्यंत तो मावशीच्या गावच्या विमानात बसला होता. संध्याकाळी त्यानं तिथलं दार फोडलं. आतून नवा मालक आला, धंद्यानं खाटीक. ह्याचा जबडा तारांनी बांधावा लागला, मग कोठडी.

"ताई, ह्याला वजाबाकी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पाया पडायला हवं," टाके पडलेल्या ओठांनी शिपाई म्हणाला.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. तिनं घड्याळ विमानातच मागं घेतलं होतं. पण तिथं दुपारचे अडीच वाजले, की तिच्या हातातली वस्तू पडते आणि पाठ आपोआप भिंतीला लागते. इथं तेव्हा रात्रीचे आठ झालेले असतात. त्याची घरी यायची वेळ.

प्लॅस्टर काढायच्या दिवशी ताईनं डॉक्टरांना विचारलं, "हाडाला सहा आठवडे म्हणालात, ते पटलं. पण इतक्या लांब जाऊनही इथले आठ वाजले की बहिणीचं अंग दचकतं, ते थांबायला किती आठवडे लागतात?"