शेवटच्या रविवारची दुरुस्ती

कोल्हापूर स्टेशनवर आम्हाला निरोप द्यायला आमच्या ख्रिस्ती मंडळीतली चाळीसएक माणसं आली होती. हार माझ्या गळ्यात पडले. याकोब माझ्यामागे खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन उभे होते आणि त्यांच्या पायाशी कातडं कमवायला लागणाऱ्या हिरड्याचं पोतं होतं. पाळकांनी प्रार्थना केली, "आपल्या या सेवकाला सुखरूप ने आणि सुखरूप आण." सेवक एकच होता. त्या दिवशीच्या फोटोत मी मधोमध आहे आणि याकोब यांचा एक खांदा तेवढा आला आहे.

हा प्रवास मी पूर्वी एकदा लिहिला आहे. सत्तरच्या दशकात केनियातून परतल्यावर आमच्या मंडळीच्या मासिकात तो पाच भागांत छापून आला आणि लोकांनी आवडीने वाचला. त्यातलं समुद्राचं, आगगाडीचं, रानाचं वर्णन खरं आहे. एका रविवारची हकिगत मात्र खोटी आहे. तेवढ्यासाठी हे पुन्हा लिहितो आहे.

निमंत्रण केनियाच्या पश्चिमेकडून, मोठ्या सरोवराजवळच्या एका खेड्यातल्या मंडळीकडून आलं होतं. तिथे गुरं भरपूर, पण कातडी कच्चीच विकली जायची. कातडं कमावून चपला करायला आणि त्यांचा धंदा चालवायला शिकवतील, शिवाय तीन महिने उपदेश आणि बायबलचे वर्गही घेतील, अशी माणसं त्यांना हवी होती. मी कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो, मंडळीचा वडील (कारभार पाहण्यासाठी निवडलेला) होतो आणि इंग्रजी बोलू शकत होतो. याकोब राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात कातडं कमवायचे आणि चपला शिवायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

आम्हा दोघांचेही आजोबा ख्रिस्ती झाले होते. पण माझे आजोबा ज्या घरातून आले आणि याकोब यांचे ज्या घरातून आले, त्यांत अंतर होतं. ते अंतर देवळाच्या दाराबाहेर राहायला हवं होतं, राहिलं नाही. पुढचे बाक कुणाचे आणि मागचे कुणाचे हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी कुणी चुकत नसे. याकोब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना अरे-तुरे करायचो, ते मला मास्तर म्हणायचे.

मुंबईहून बोट सुटली आणि दुसऱ्या दिवसापासून मी आडवा झालो. पोटात पाणी ठरेना. याकोब माझी बादली उचलून धुऊन आणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोत्यातून एक हिरडा काढून माझ्यापुढे धरला.

"चघळा, मास्तर. तुरट हाय, पन मळमळ बसती."

मी तो घेतला, रुमालाने पुसला आणि मग तोंडात टाकला. पुसताना त्यांनी पाहिलं.

"व्हय, धूळ असती पोत्यात," असं म्हणून ते दर्याकडे बघत बसले.

मोंबासाच्या बंदरात त्या पोत्याने आम्हाला दोन तास थांबवलं. अधिकाऱ्याला हे औषध आहे की खाण्याची वस्तू हे कळेना. शेवटी त्याने एक हिरडा स्वतः चावून पाहिला, तोंड वाकडं केलं, थुंकला आणि हाताने "जा, जा" केलं. याकोब पोतं उचलताना म्हणाले, "मानूस बरा हाय. खाऊन तरी बघितलं."

तिथून आगगाडीने दोन दिवस. लाल माती, सपाट माथ्याची झाडं, लांबवर जिराफांच्या माना. मी वहीत सगळं टिपत होतो. याकोब यांचं लक्ष फक्त गुरांकडे. "हडकुळी हाईत. कातडं पातळ निघंल. जपून कमवाय पायजे," असं ते स्वतःशीच म्हणायचे.

खेड्यात पोचलो तेव्हा वृद्ध पाळक बर्नाबा दोन्ही हात पसरून उभे होते. "करिबु!" (या, आपलंच घर आहे!) उंच, सावकाश बोलणारा माणूस, इंग्रजी स्वच्छ. जेवणाचं पाहणाऱ्या बाईंचं नाव रूथ, पण सगळे त्यांना मामा रूथ म्हणायचे. मामा म्हणजे आई, असं मी याकोब यांना सांगितलं. ते बाईंकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडं मामाला मिशा असत्यात." मी भाषांतर केलं आणि बाई पोट धरून हसल्या. त्यानंतर याकोब यांच्या ताटात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) कायम जास्त पडत गेली.

माझे वर्ग सकाळी असायचे. फळ्यावर मी भांडवल, मागणी, नफा असे शब्द लिहायचो. लोक आदराने बसायचे आणि मधूनच मागे वळून अंगणात बघायचे, कारण अंगणात याकोब असायचे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी काहीच केलं नाही, नुसते रानात हिंडले. हिरडा पुरणार नव्हता, साल तिथलीच हवी होती. झाड दिसलं की रापीने (कातडं कापायच्या पात्याने) सालीचा तुकडा काढायचा, दाढेखाली धरायचा, थुंकायचं. "न्हाय. ह्यात दम न्हाय." मागे दहा-बारा माणसं. तीही साल चावायची, थुंकायची आणि "न्हाय" म्हणायची. आठव्या दिवशी एका काटेरी झाडाची साल चावल्यावर याकोब थांबले. डोळे मिटले.

"हाय! हितं हाय की आमची बाभळ!"

मग चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवून त्यांनी झाडाला टांगलं आणि त्यात सालीचं पाणी भरलं. पिशवी दिवसभर ठिबकायची. खाली घमेलं, ते भरलं की पाणी पुन्हा वर ओतायचं. शेजारच्या गावांतून लोक झाडाला टांगलेला बैल बघायला यायचे. याकोब यांचे हात कोपरापर्यंत काळपट झाले होते. लोक त्यांना फुंडी (हाताचा जाणकार, उस्ताद) म्हणू लागले. मला मात्र "सर" म्हणत.

दुसऱ्या महिन्यात जिल्ह्याहून काही पाहुणे यायचे होते. त्यांना तयार कातडं दाखवायचं मी ठरवलं.

"अजून आठ दिस ऱ्हाऊ द्या," याकोब म्हणाले.

"मी वेळापत्रक दिलंय. उतरव."

पिशवी उतरवली. पाहुण्यांसमोर याकोब यांनी कडेला रापीने छेद दिला. बाहेर तपकिरी, मध्ये पांढरी कच्ची रेघ. वास सुटला. सगळं कातडं वाया गेलं. मंडळीने आठवडाभर पाणी वाहिलं होतं. मी काही बोलायच्या आत याकोब म्हणाले, "चूक माझी झाली. सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. त्या तीन महिन्यांत त्यांची इतर बरीच वाक्यं मी कापली, बदलली. हे मात्र शब्दन्‌शब्द भाषांतर केलं.

नंतरची कातडी उत्तम उतरली. याकोब माणसाला कातड्यावर उभं करायचे, पायाभोवती कोळशाने रेघ मारायचे आणि त्या पायाची चप्पल शिवायला त्याच माणसाला बसवायचे. बाजारच्या दिवशी मामा रूथ यांनी आणि आणखी चार बायांनी चपला मांडल्या. दुपारपर्यंत एकही उरली नाही. माझ्या फळ्यावरचं सगळं त्या बायांना उपजतच येत होतं.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळक बर्नाबा माझ्याकडे आले.

"आमच्याकडे एक रीत आहे," ते म्हणाले. "जो पाहुणा आम्हाला हाताने काही शिकवतो, तो जायच्या आधी प्रभुभोजनात (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीत) भाकर मोडतो आणि प्रत्येकाला स्वतः देतो. उद्या फुंडी देतील. त्यांना विचारा."

त्यांच्याकडे एकच मोठी भाकर असे आणि एकच प्याला सगळ्यांत फिरे. आमच्या कोल्हापूरच्या मंडळीत ताटातून लहान-लहान ग्लास येत. ते स्वच्छतेसाठी आहेत असं आम्ही म्हणत असू. माझ्या डोळ्यांसमोर त्या भाकरीवर याकोब यांचे ते काळे हात आले. विचार करायला मी फार वेळ घेतला असंही नाही.

"त्यांना देता येणार नाही," मी म्हणालो. "त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही."

पाळक बर्नाबांचा चेहरा उतरला. "मग आम्ही प्रार्थना करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाकर मी मोडली. छापून आलं तेही हेच : "हा मान मला लाभला." जे छापलं नाही ते असं. याकोब पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसले होते. बाप्तिस्मा नसलेल्याला प्रभुभोजन देत नाहीत, म्हणून तिथल्या वडिलांनी त्यांना ओलांडून पुढच्या माणसाला प्याला दिला. याकोब यांनी दोन्ही हात पुढे केले होते. ते तसेच राहिले. मग त्यांनी ते हळूहळू मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात भाकर होती. मी पुढच्या माणसाला तुकडा दिला.

परतीच्या बोटीवर ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कठड्याला टेकून त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या लोकास्नी माझी जात कुनी सांगितली?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

"दर्यापल्याड बी पोचली म्हंजे," ते म्हणाले, आणि खाली निघून गेले.

कोल्हापुरात परतल्यावर ते रविवारी यायचे, मागच्या बाकावर बसायचे, प्रवचन ऐकायचे. पण प्रभुभोजनाचं ताट निघालं की उठून बाहेर सायकलपाशी उभे राहायचे. ताट माझ्या हातात असायचं. खिडकीतून त्यांची पाठ दिसायची.

केनियाहून वर्षातून दोन पत्रं यायची, माझ्या नावावर, इंग्रजीत. मी ती याकोब यांना वाचून दाखवायचो. बाजारात दुकान झालं, मामा रूथ हिशेबी निघाल्या, झाडं तोडू नयेत म्हणून साल एकाच बाजूने काढतात. "चपला टिकत्यात न्हवं?" एवढंच ते विचारायचे. प्रत्येक पत्राची शेवटची ओळ मी गाळायचो. ती अशी असे : "फुंडींच्या बाप्तिस्म्यासाठी आम्ही दर रविवारी उभं राहून प्रार्थना करतो."

अशी बाराएक वर्षं गेली. मग पाळक बर्नाबांचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर कापत होतं. आजार बरा होणारा नव्हता. "जाण्यापूर्वी फुंडींच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकायची इच्छा आहे," असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी एसटीने याकोब यांच्या गावी गेलो. ते अंगणात उन्हाला चप्पल शिवत बसले होते.

"या मास्तर. पत्र आलं व्हय?"

"आलं. आज सगळं वाचतो."

शेवटची ओळ ऐकून त्यांचा हात थांबला. "कुनाचा बाप्तिस्मा?"

"तुमचा." तुमचा हा शब्द मी त्यांना पहिल्यांदाच वापरत होतो.

"माझा तान्हेपणीच झालाय की. तुमच्याच वडलांनी देवळाच्या वहीत लिवलाय."

"हो. झाला नाही, असं मी त्यांना सांगितलं. भाकर तुम्ही मोडायची होती. तुमच्या हातची मला खायची नव्हती."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्यांनी न्हाय केलं?"

"नाही. त्यांना जात ठाऊकच नव्हती."

"आन् मी हितं बसून त्या मानसांस्नी शिव्या देतोय! त्या म्हाताऱ्याला. त्या मामाला. जेवाय घातलं मला त्यांनी, मास्तर!" त्यांचा आवाज चढला, शेजारची माणसं दारात आली. "आन् तुम्ही ताट घिऊन हिंडत हुता की हो माझ्या म्होरनं! दर टायमाला!"

मी माफी मागितली.

"ते ऱ्हाऊ द्या. ते मागनं बघू. आदी कागद काडा. म्हातारा जायच्या आत पोचलं पायजे."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. बाप्तिस्मा झालेला आहे. प्रार्थना थांबवावी. खोटं कुणी सांगितलं ते नाव घालून लिहावं. वाचून दाखवा म्हणाले, दाखवलं. मग म्हणाले, "आन् मासिकात छापलंय न्हवं? त्येबी नीट करा."

ते आज करतो आहे. भाकर मोडण्याचा मान याकोब यांचा होता. मी तो चोरला.

उत्तर दोन महिन्यांनी आलं, मामा रूथ यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पत्र पोचलं तेव्हा पाळक बर्नाबा अंथरुणावर होते. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि त्याच आठवड्यात ते गेले. पुढे लिहिलं होतं : "रविवारी आम्ही फुंडींसाठी देवाची उपकारस्तुती केली. पण इतकी वर्षं त्या वेळेला उभं राहायची सगळ्यांना सवय आहे. ती जागा रिकामी ठेवू नये असं ठरलं. आता तिथे तुमचं नाव घेतो."

मी हे याकोब यांना त्यांच्या अंगणात वाचून दाखवलं. घरातून चहा आला. कप त्यांनी उचलून माझ्या हातात दिला, कपाच्या कानाला त्यांच्या काळपट बोटाचा ठसा उमटला होता. मी तो प्यालो. रिकामा कप परत घेताना ते म्हणाले, "करू द्या त्यास्नी. तुमास्नी माझ्यापरास जास्त दिस लागतील."