ताईंचा तीन दातांचा ब्रिज

कुणाशी ओळख झाली की अण्णा आधी दात बघायचे, मग चेहरा. चहा निम्माच प्यायचे. फोन घरचा असला तर उठून उभे राहायचे. प्लास्टरच्या मॉडेलवरून डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवायचे.

पदवीधरने तीन वर्षांत टिपलेलं हे एवढंच. पदवीधर म्हणजे अण्णा जिथे कृत्रिम दात घडवायचे त्या लॅबमध्ये कामाच्या चिठ्ठ्या लिहिणारी मुलगी. साहित्य शिकून ती दातांच्या लॅबमध्ये आली, म्हणून अण्णांनीच हे नाव पाडलं होतं. वयात तीस वर्षांचं अंतर, पण दोस्ती पक्की.

"तुमच्या कवितांत दात येतात का गं?"

"येतात. मोत्यांसारखे."

"मोत्यांनी काय चावणार, कपाळ?"

अण्णांना थोरल्या बहिणीने, ताईंनी वाढवलं. आई लवकर गेली होती. संध्याकाळी ताई गल्लीच्या टोकाला उभ्या राहून तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायच्या. अण्णा खेळ टाकून पळत सुटायचे. पुढे ताई लग्न होऊन दूर गेल्या. गेल्या वर्षी त्यांचा पुढचा एक दात पडला आणि शिट्टीही गेली. नुसती हवा यायची. अण्णांना ती शिट्टी एकदा परत ऐकायची होती. साठीला टेकलेल्या माणसाने दुसरं काही मागितलं नव्हतं.

शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसणारा सिरॅमिकचा ब्रिज ते स्वतः करणार होते. ताईंच्या डॉक्टरीणबाईंनी ते दोन दात घासून माप पाठवलं. त्या मापात प्लास्टर ओतून केलेल्या मॉडेलवर अण्णांचं नख अडलं. एका दाताला काठाशी धारदार कोपरा राहिला होता. सिरॅमिक दाब सोसतं, ओढ सोसत नाही. कोपरा असला की सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. असं माप परत पाठवायचं, हा लॅबचा नियम अण्णांनीच घातलेला.

परत पाठवलं तर पंधरा दिवस जाणार होते. अण्णांना धीर निघेना. त्यांनी ब्लेड घेऊन मॉडेलवरचा कोपरा गोल केला. प्लास्टर गोल झालं. तोंडातला दात होता तसाच राहिला.

मॉडेलवर ब्रिज झकास बसला. तोंडात अडला. डॉक्टरीणबाईंनी आतून थोडा घासून कसाबसा बसवला. महिन्याच्या आत ताईंचा फोन आला.

"मोडला रे."

"कशाने?"

"केळ्याने. चांगलं पिकलेलं होतं."

अण्णा उभेच होते. "आणि शिट्टी?"

"एकदा जमली होती. तुला फोन लावणार होते. म्हटलं, कामात असशील."

फोन ठेवून त्यांनी पदवीधरला सगळं सांगितलं. "दुसऱ्या कुणाची बहीण असती ना, तर मी माप परत पाठवलं असतं," ते म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंना फोन करून चूक कबूल केली.

"कोपरा तर माझाच होता, अण्णा," त्या म्हणाल्या. त्यांनी तो दात नीट गोल केला. नवं माप आलं. या वेळी नख कुठेच अडलं नाही.

अण्णांनी ब्रिजचा आतला सांगाडा नव्याने केला. दातांमधले जोड जरा जाड ठेवले, कारण चावताना ब्रिज तिथे वाकायला बघतो. मंगळवारी सकाळी ते पोर्सेलीनचे थर चढवायला बसले. अकराच्या सुमारास म्हणाले, "जरा छाती भरून आलीये. पडतो पाच मिनिटं." दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

शुक्रवारी लॅबच्या मालकांनी विचारलं, ही केस दुसऱ्याकडे द्यायची का. पदवीधरने ताईंना फोन लावला.

"एवढ्यात नको गं," ताई म्हणाल्या. "कुठवर आलं होतं त्याचं?"

पदवीधरने टेबलाकडे पाहून सांगितलं. दोन दातांवर थर चढले होते. तिसऱ्याचा सांगाडा उघडाच होता. त्याच्यासाठी कालवलेली पोर्सेलीनची भुकटी काचेवर वाळून गेली होती.