वरची टाकी राहिली

१९ डिसेंबर, शुक्रवार. काम: ॲडम्सटाउनमधल्या चौदा नंबरच्या घराची पाण्याची टाकी थंडीसाठी तयार करणे. मी ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, गुडघ्यांवर होते आणि खाली तिथल्या भाडेकरू पाटणकरबाई शिडी धरून बोलत होत्या.

"अहो ताई, कशाला एवढ्या वर चढलात? केतकीने व्हिडिओत सगळं सांगितलंय. किती गोड समजावते हो ती!"

मी टाकीभोवती लॅगिंग जॅकेट, म्हणजे जाड दुलईसारखं आवरण, बांधत होते. गाठ जरा जास्तच आवळली गेली.

भाड्याच्या घरांची देखभाल बघणाऱ्या एका कंपनीत मी मेंटेनन्स कोऑर्डिनेटर आहे. एकसष्ट घरं. निम्म्याहून अधिक भाडेकरू आपले, भारतातून इथे आलेले आयटीवाले. ख्रिसमसच्या सुट्टीत ते तीन-चार आठवडे पुण्या-नागपूरला जातात आणि घर थंड पडतं. पाइपातलं पाणी गोठलं की फुगतं, पाइप तडकतो, आणि बर्फ वितळला की पाणी छतासकट खाली येतं. म्हणून दर डिसेंबरला मी चार पानांची नोटीस पाठवते. आठ वर्षांत त्या नोटिशीला एकच उत्तर आलं: 'पीडीएफ उघडत नाही.'

यंदा केतकीने व्हिडिओ केला. केतकी नागपूरची, आमच्या कंपनीत येऊन दोन वर्षं झालेली. दोन मिनिटांचा व्हिडिओ, मराठीत, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून. भाडेकरूंच्या ग्रुपवर त्याला अडतीस बदाम पडले. मी व्हिडिओ उघडला नव्हता, पण बदाम मोजले होते. त्यात मेंटेनन्स मॅनेजरची जागा रिकामी होती, आणि आमचा साहेब डेक्लन आम्हा दोघींपैकी एकीला ती देणार होता.

मी उतरल्यावर पाटणकरबाईंनी तो व्हिडिओ दाखवलाच. केतकी हसत सांगत होती, "सिंकखालचा मेन कॉक बंद करा, हीटिंग बंद करा, आणि निश्चिंत जा!"

चूक मला लगेच दिसली. आपल्याच माणसांच्या हातून होणारी चूक. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गावाला जाताना मेन कॉक फिरवला की झालं. टाकी गच्चीवर, सोसायटीची. इथे टाकी त्याच घराच्या छपराखाली, बेडरूमच्या डोक्यावर असते. सिंकखालचा कॉक, इथल्या भाषेत स्टॉपकॉक, फक्त रस्त्यावरून येणारं पाणी थांबवतो. वरचं दोनशे लिटर तिथेच राहतं. त्यात हीटिंगही बंद केली, तर ॲटिकचा फ्रीझर होतो.

"हीटिंग बारा डिग्रीवर चालू ठेवा," मी म्हटलं. "उद्या निघायच्या आधी कॉक बंद करून वरच्या बाथरूमचे गार पाण्याचे नळ सोडून ठेवा, टाकी रिकामी होईल. आणि ॲटिकचं झाकण उघडं ठेवा, खालची ऊब वर जाते."

"पण केतकी तर म्हणाली..."

"मी तुमच्या घरापुरतं सांगतेय."

तुमच्या घरापुरतं. हे मी ठरवून बोलले.

दुपारी ऑफिसात केतकी माझ्या टेबलापाशी आली. "ताई, बघितलात? काही राहिलं नाही ना?"

"छान आहे," मी म्हटलं. छान होताच.

ती गेल्यावर मी हवामानाचा अंदाज उघडला. रविवारपासून उणे सहा. मग सुट्टीवर गेलेल्यांची यादी उघडली. व्हिडिओ बघून आधीच निघून गेलेली सात घरं. खरं सांगायचं तर मला एक छत पडायला हवं होतं. एकच. मी मनात घरही निवडलं: चोवीस नंबर, कारण तिथलं कार्पेट नाहीतरी बदलायचंच होतं.

पाचच्या सुमारास डेक्लन कोट चढवत बाहेर आला. "थंडी येतेय म्हणतात. तुझ्या व्हिडिओत सगळं आहे ना?" त्याने केतकीला विचारलं.

"हो. वंदनाताईंनी चेक केलाय."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वंदनाने बघितलाय? मग ग्रँड. वीकेंडला मी फोन बंद ठेवतो."

आणि तो गेला. आठ वर्षांतलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट मला मिळालं, तेही नेमकं ते खोटं असलेल्या दिवशी. तरी मी तोंड उघडलं नाही. घरी गेले. पोळ्या केल्या. नवरा म्हणाला, आज पोळ्या करपल्यात.

शनिवारी सकाळी साडेसातला मी केतकीला फोन केला.

"व्हिडिओत टाकी राहिलीय. ज्या सात घरी कोणी नाही, त्या सगळ्यांची परवानगी घे. मी चाव्या घेऊन येते."

दहा मिनिटांत तिने सातही होकार आणले. तिकडे दुपार झाली होती, हे मान्य. तरी माझ्या मेसेजला इतक्या पटकन कुणी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या घरात नळ सोडून आम्ही बाथरूममध्ये उभ्या राहिलो. टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो.

"ताई, तुम्हाला हे कधी लक्षात आलं?"

"काल. सकाळी."

"मी विचारलं त्याच्या आधी?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"जळफळाट झाला होता माझा. तुझे अडतीस बदाम."

"तुम्ही मोजलेत?" ती हसली नाही. "आणि एखाद्याचं घर बुडालं असतं तर?"

"म्हणून तर आलेय."

"आज आलात. मग मला कशाला उठवलंत? एकटीने करून मोकळं व्हायचं होतं, मला कळलंही नसतं."

"एकटीने सात घरं संध्याकाळपर्यंत होत नाहीत."

धार बारीक झाली आणि थांबली. केतकीने शिडी उचलली आणि पुढच्या घराकडे निघाली. तिसऱ्या घरापर्यंत ती माझ्याशी फक्त "पाना द्या" एवढंच बोलली. सहाव्यात तिने ॲटिकमधून खाली ओरडून विचारलं, "इथे कुणीतरी टाकीच्या खालीही इन्सुलेशन घातलंय. चांगलं ना?"

"नाही. काढ. खालून येणारी ऊब अडते."

"हेही तुमच्या चार पानांत होतं का?"

"तिसऱ्या पानावर."

त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर दुरुस्ती टाकली, 'माझी चूक' असं लिहून. माझं नाव घेतलं नाही. सोमवारी मी डेक्लनला माझा भाग सांगितला. तो नुसता "राइट" म्हणाला, ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. त्या आठवड्यात शेजारच्या वसाहतीत दोन छतं पडली. आमच्याकडे एकही नाही.

रिकाम्या घराचं गणित सोपं आहे. कॉक बंद, टाकी रिकामी, हीटिंग चालू. आणि कुणी विचारलं 'बघितलंत का', तर दिसलं ते सांगावं.

फेब्रुवारीत एका बुधवारी मॅनेजरची जागा केतकीला मिळाली. मी अभिनंदन केलं. मनापासून नाही.

कुठल्या घराचा स्टॉपकॉक कुठे आहे, हे आमच्याकडे कागदावर नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं, आणि आठ वर्षं मी ते मुद्दामच तिथे ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर ऑफिसला गेले आणि एकसष्ट घरांची यादी टाइप करायला घेतली. 'घर १: सिंकखाली, उजवीकडे, घट्ट आहे, जोर लावावा.' साडेअकराला केतकीला पाठवली. कॉपी डेक्लनला ठेवली. गुपचूप देऊन टाकावी, तेवढी थोर मी नाही.