हे दहावीत येतं

काल शाळेच्या पटांगणात सहावीतली रंजना चिंचेची सावली पावलांनी मोजत होती. वर न चढता झाडाची उंची कशी कळेल, असं तिने मला विचारलं होतं. मी तिला एक काठी उभी करायला लावली आणि काठीचीही सावली मोजायला सांगितली. गणित जुळलं तेव्हा पोरगी अशी काही हसली की मलाही हसू आवरेना.

तेवढ्यात तपासणीला आलेले साहेब बाहेर आले. हातात पहिली ते बारावीच्या अभ्यासक्रमाचा तक्ता. "गुरुजी, हे दहावीत येतं," ते म्हणाले. "सहावीला कशाला शिकवताय?"

मी "बरं साहेब" म्हणालो आणि मुलांना आत घेऊन गेलो. त्याचा संताप अजून उतरत नाही, आणि साहेबांपेक्षा तो माझ्यावरच जास्त आहे.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल नदीपलीकडे, दोन तासांच्या चालीवर. इथल्या मुली सातवीनंतर शेळ्यांमागे जातात आणि मग लग्न होऊन. त्यांच्यासाठी आठवी कुठेच नाही, आणि तरी कागद दाखवून पोरीला सांगायचं की थांब, तुझं उत्तर दहावीत मिळेल! लाज कशी वाटत नाही आम्हाला?

आज सकाळी रंजनाने विचारलं, "गुरुजी, दहावीत अजून काय काय असतं?"

मी येतानाच दहावीचं पुस्तक घेऊन आलो होतो. ते टेबलावर उघडलं आणि सगळ्या वर्गाला म्हणालो, "जवळ या. सगळं सांगतो."