बहीण आत, पाउलियासी बाहेर

आमच्या बेटावर इंटरनेट आलं त्याला या ऑगस्टात दोन वर्षं झाली. त्यातला निम्मा काळ माझा नवरा पाउलियासी इंटरनेटच्या खोलीबाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभा आहे. तेही खोलीकडे पाठ करून.

कारण साधं आहे. आमच्याकडे बहीण ज्या खोलीत बसली असेल तिथे भाऊ बसत नाही. चुलत, मामे, मावस, सगळ्या बहिणीच. एकशे चाळीस माणसांच्या गावात पाउलियासीला बहिणी किती, हे इंटरनेट बसवायला आलेल्या परदेशी साहेबांच्या लक्षात आलं नाही, ते ठीक. पण गावाच्या सभेच्याही येऊ नये? साहेब म्हणाले, एकच माणूस शिकायला पाठवा. सभेने एकमुखाने पाउलियासीचं नाव घेतलं, का तर त्याचं अक्षर सुंदर! कॉम्प्युटरला अक्षर कशाला लागतं, हे मी त्या रात्री जेवताना विचारलं होतं. त्यावर त्याने आणखी सुरण मागितला.

माणूस वाईट नाही, देवाला स्मरून लिहिते. खोली चर्चच्या जागेत आहे म्हणून तो कमरेला मानाची चटई गुंडाळल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून माझा नवा उशीचा अभ्रा त्याने घातलाय. राजधानीच्या बाजारातले ऑक्टोपसचे, सुरणाचे भाव तो दर बुधवारी फळ्यावर लिहितो, पण प्रत्येक अक्षराला इतकं वळण देतो, की फळा भरेपर्यंत बुधवारची बोट माल घेऊन निघून गेलेली असते. लोक मग गेलेल्या बोटीचे भाव वाचतात आणि म्हणतात, काय सुरेख लिहिलंय.

गेल्या महिन्यात मंगळवारी ऑकलंडच्या एका दुकानाचं पत्र यंत्रावर आलं. झाकणाच्या टोपल्या मिळतील का? किती, केवढ्या, ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या बेटाला विचारतो. आम्ही अकराजणींनी पाच महिने बसून तशा साठ टोपल्या विणल्या होत्या. केवड्याच्या पातींनी माझी बोटं अजून चिरलेली आहेत. हे गिऱ्हाईक गेलं तर त्या टोपल्यांत आम्ही एकमेकींना कपडे वाळत घालायचे चिमटे भेट देणार होतो.

आमच्या गटाच्या प्रमुख माझ्या वन्सं, उइनिसे, पाउलियासीच्या सख्ख्या थोरल्या बहीण. शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. मी म्हटलं, "वन्सं, कागदावर लिहून द्या, पाउलियासी पाठवेल."

"अकानेसी, गेल्या वर्षी काय झालं होतं?"

गेल्या वर्षी त्याने स्वतःच्या मनाने पत्र सजवलं होतं. आधी देवाचे आभार, मग राजाला, सरदारांना, पाळकांना वंदन, मग दुकानदाराच्या आईवडिलांच्या प्रकृतीची विचारपूस. दीड पान. टोपल्या किती, ते राहूनच गेलं.

"या वेळी माझ्या डोळ्यांसमोर जाईल," वन्सं म्हणाल्या.

बुधवारी प्रार्थना, गुरुवारी गाण्याची तालीम. शेवटी शुक्रवारी साडेदहाला आम्ही दोघी खोलीत. वन्सं सांगणार, मी एका बोटाने टाईप करणार आणि पाउलियासी झाडाखालून ओरडून शिकवणार.

"वरचं बटण दाब!"

"वर तीन बटणं आहेत!"

"वरचं वरचं!"

बाहेर जाण्याआधी त्यानेच उघडून दिलेल्या यंत्रावर कसंबसं पत्राचं पान उघडलं. मग वन्संना आठवलं, की टोपलीचं माप सेंटिमीटरमध्ये हवं. त्यांनी पट्टी काढली, एक टोपली मोजली, शंका आली, पुन्हा मोजली. तेवढ्यात पडदा काळा. मी बटण दाबलं तर यंत्र पासवर्ड मागायला लागलं.

"पाउलियासी! पासवर्ड सांग!"

पाउलियासी खोडाआड सरकला.

"ऐकू येतंय का? पासवर्ड!"

"ती आत आहे का अजून?"

"मग कुठे जाणार?"

"तिला जरा बाहेर पाठव ना."

वन्संनी बाक घट्ट धरला. "सांग त्याला, मी हलणार नाही. गेल्या वर्षी हललेच होते."

अकरा चाळीस. मी तणतणत बाहेर गेले. "अरे, साठ टोपल्या बुडायची वेळ आलीय आणि तुला लाज कसली वाटतेय?"

त्याचे कान लालभडक झाले होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने वाळूत एक शब्द लिहिला. त्यालाही वळण दिलंच! मी वाचला न वाचला, तोच त्याने पुसला.

लग्नाआधी चोरून भेटायचो तेव्हा तो मला त्या नावाने हाक मारायचा. काय ते इथे लिहीत नाही. मागच्या पानांवर उतरवलेली बायबलची वचनं बघायला पाळकांची बायको कधीकधी ही वही मागते. पण बहिणीच्या कानावर पडेल असं भावाने उच्चारायचा तो शब्द नव्हे. आणि दोन वर्षं अख्ख्या गावाचा कारभार या महाशयांनी त्या कुलपात ठेवला होता!

मी आत येऊन तो घातला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले, देवाची कृपा.

"काय होतं गं?"

"वन्सं, विचारू नका."

वन्सं खिडकीकडे वळल्या. पुढची दोन मिनिटं त्यांचे खांदे हलत होते.

अकरा बावन्नला पत्र गेलं. चार ओळी, देव-राजा कोणी नाही. मी घामाघूम होऊन बाहेर आले तर पाउलियासी म्हणतो, "घाई कशाला केलीत? ऑकलंडचं घड्याळ आपल्यामागे एक तास असतं."

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"कोणी विचारलं नाही."

शनिवारी मी बजावलं, तो शब्द बदल. बदलला म्हणाला, स्तोत्राचा क्रमांक ठेवलाय. सोमवारी उत्तर बघायला आम्ही अकराजणी खोलीत, तो झाडाखाली आणि क्रमांक विसरलेला! एकशे बारा, एकशे एकवीस, दोनशे अकरा, काही लागेना. वन्सं म्हणाल्या, "चर्चमधून स्तोत्रांचं पुस्तक आणा, पहिल्यापासून घालू या." सगळ्यांकडे पाठ करून मी जुना शब्द घातला. उघडलं. त्याने बदललाच नव्हता. काय बोलावं या माणसाला?

वन्संनी पत्र मोठ्याने वाचलं. साठच्या साठ हव्या होत्या. पुढच्या बोटीने पाठवा. मी दारातून ओरडले, "साठ!"

झाडाखालून आवाज आला, "वा! मग आभाराचं पत्र मी लिहितो."

"नको!" आम्ही अकराजणी एका सुरात म्हणालो.