भावाच्या आधी खोट

चाकणचा तो माणूस मोबाइलवरून फक्त जुन्या लेथ मशिनी विकून देतो. त्याचं एकच पेज आहे. मशीनचा एक फोटो, आणि भाव लिहायच्या आधी तिची खोट. लोक म्हणायचे, "भावा, फ्लॅटपण टाक की!" तो हसायचा. "फ्लॅट चालू करून ऐकता येतोय व्हय?"

मी वर्कशॉप बंद केलं, तेव्हा तो माझी लेथ बघायला आला. ती चालू करून डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "तापल्यावर काय आवाज करती का, राव?"

तासाभरानं तिचा गिअरबॉक्स खडखडायचा. मी "नाही" म्हणालो. माझ्या शब्दावर त्यानं 'खोट नाही' असं लिहिलं.

आठवड्यातच घेणाऱ्यानं तक्रार केली. चाकणच्या त्या माणसानं मला साधा फोनही केला नाही. पेजवर लिहिलं, 'गिअरबॉक्सची खोट माझ्या ऐकण्यातून सुटली. चूक माझी.' खाली गिऱ्हाइकं विचारत होती, 'आता तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा?'

खरं काय ते तिथंच लिहिता आलं असतं. मी त्याच्या पोस्टला अंगठा दिला आणि मोबाइल खिशात ठेवला.