सांगायचं काम

सिल्व्हियाबाईंना जाऊन महिना झाला. त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या बाजारात होतो. "काका, आंटी सकाळी गेली..." एवढंच ती बोलली. तिच्या आंटीचा डावा डोळा माझ्यामुळे गेला, हे तिला ठाऊक नव्हतं. हे वाचून आज कळेल.

माझगावच्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर, मी फिटर. फोन जोडणं एवढंच त्यांचं काम. पण आमच्या घरून आलेला निरोप त्या स्वतः खाली येऊन सांगायच्या. माझी आई वारल्याचंही त्यांनीच सांगितलं. आधी मशीन बंद करायला लावली, मग सांगितलं. बाईंचं सगळे ऐकतात, हे मॅनेजरने हेरलं होतं. कारखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा नोटीस वाचायला त्याने त्यांना फाटकावर पाठवलं आणि स्वतः मागच्या दाराने गाडीत बसला.

"उद्यापासून कुणी कामावर येऊ नये," एवढं त्यांनी वाचलं आणि गर्दी पिसाळली. वॉचमनच्या तोंडावर लोखंडी पाइप बसला, त्याचा जबडा लोंबायला लागला. ऑफिसच्या काचा फुटल्या, टेबलं पेटली. कुणीतरी केस धरून बाईंना पायऱ्यांवरून खाली ओढलं. "अरे, मी फक्त सांगतेय रे!" त्या ओरडत होत्या. माझ्या मुठीत बोल्टचा मोठा लोखंडी नट होता. तो मी त्यांच्या तोंडावर नेम धरून मारला. त्यांनी डोळा दाबला, बोटांतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

पोलिसांनी पुष्कळांना धरलं. माझं नाव आलं नाही. दोन वर्षांनी मी खोताच्या वाडीत त्यांच्या दारात उभा राहिलो.

"बाई, तो नट..."

"ठाऊक आहे, मोरे. मी तुझ्याकडेच बघत होते."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काम मी त्या दिवशीच सोडलं." दारातून बाजूला होत म्हणाल्या, "माफ नाही केलंय. आत ये."

मग दर रविवारी जात राहिलो. माफी मी पुन्हा मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. डाव्या बाजूला कुणाची चाहूल लागली की त्या दचकून हात तोंडावर घ्यायच्या, म्हणून मी कायम उजवीकडे बसायचो. परवा त्यांच्या महिन्याच्या प्रार्थनेनंतर त्यांच्या घरी गेलो, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या उजवीकडे स्टूल ओढलं.

"काका, आता कुठेही बसा," भाची म्हणाली.

मी तिथेच बसलो.